लायसन्सवरचं कुंकू

दसऱ्याला आमच्या पाटावर मांडली जायची ती हत्यारं म्हणजे एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर, माझी कंपासपेटी आणि अण्णांचं ड्रायव्हिंग लायसन्स. इतरांच्या घरी तलवारी असतील, आमच्या घराण्यात कुणी कुणाची मान कापल्याचं ऐकिवात नाही. अण्णा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडून आले, पावणे गावातल्या एका कारखान्यात कामगारांची बस चालवायला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तीच चालवत राहिले. नेरूळच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो.

हत्यारांची पूजा खरं तर घरच्या पुरुषानं करायची. पण अण्णांची सकाळची पाळी, सणालाही सुटी मिळेलच असं नाही. ते शर्टाची बटणं लावेपर्यंत आई पूजा उरकून टाकायची. पान्याला एक बोट, स्क्रू ड्रायव्हरला एक, माझ्या कंपासपेटीला घाईघाईत अर्धं. लायसन्स मात्र ती हातात उचलून घ्यायची आणि फोटोतल्या अण्णांच्या कपाळावर, बरोबर मधोमध, ओलं कुंकू लावायची. मी एकदा तिला म्हटलंही, "अगं, मागच्या कोऱ्या बाजूला लाव ना. तोंडावर कशाला?"

"पाना काय, पेटीत पडलेला असतो," ती म्हणाली. "बाहेर जाऊन घरी परत यायचंय ते यांना."

अण्णा ते लायसन्स तसंच ओलं उचलायचे आणि वरच्या खिशात टाकायचे. दसऱ्याचा नवा पांढरा शर्ट, त्याच्या खिशावर लगेच लाल डाग. मग आई सुरू. "अहो, वाळू तरी द्यायचं! नवा कोरा शर्ट! दरवर्षी सांगायचं का तुम्हाला?" अण्णा हसत हसत जिना उतरायचे. माणूस एवढा विसराळू कसा असू शकतो आणि त्याच्या हातात कारखान्याने पन्नास माणसं कशी सोपवली, याचं मला फार नवल वाटायचं.

संध्याकाळी आई शर्ट भिजत घालायची आणि लायसन्स ओल्या फडक्याने पुसायची. हलक्या हाताने पुसणं तिला ठाऊक नव्हतं. ती माझं तोंडसुद्धा असंच पुसायची. त्यामुळे प्रत्येक लायसन्सवरचे अण्णा दोन-तीन दसऱ्यांत फिकट होत जायचे, मग नूतनीकरणाची वेळ यायची, जुनं जमा व्हायचं, नवं यायचं आणि नव्या फोटोला नवं कुंकू लागायचं. असं चालत आलं होतं, म्हणून कार्ड झिजतंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटच्या लायसन्सचं मात्र जरा जास्तच झालं. अण्णा निवृत्त झाल्यावर काढलेलं ते कार्ड, मुदत अजून शिल्लक. तोवर आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ती दुसऱ्या खोलीत जायची. त्या वर्षी दिवाळीच्या आधी तिने देव घासायला काढले. चिंच आणि राख घेऊन बसली. दसऱ्यापासून लायसन्स देवांच्या तबकातच राहिलं होतं. तिने अन्नपूर्णा घासली, बाळकृष्ण घासला, टाक घासले आणि त्याच हाताने लायसन्सही घासलं. पुसून, ओळीने वाळत ठेवलं. अण्णांचं नाव गेलं, पत्ता गेला, नंबरातले दोन आकडे तेवढे राहिले. चेहऱ्याच्या जागी ओरखडे उठले आणि त्या ओरखड्यांत एवढ्या दसऱ्यांचं कुंकू जाऊन बसलं. नीट पाहिलं तर त्या तांबूस डागात बोटाच्या रेषा दिसायच्या.

"लखलखीत झालं की," अण्णा म्हणाले होते. आई लाजली, मग हसत सुटली, आणि तिला हसताना पाहून मीही माझं लेक्चर गिळलं. त्याच हिवाळ्यात ती गेली. फार आजारी पडली नाही, आठवड्याभरात आटोपलं सगळं.

आई गेल्यावर अण्णांना घराबाहेर काढणारी एकच गोष्ट उरली, माझी गाडी. मी चार इमारती सोडून राहते आणि जवळच्याच शाळेत गणित शिकवते. लायसन्स माझ्याकडेही आहे, पण ते ओळखपत्र म्हणून दाखवण्यापुरतं. समोरून ट्रक आला की मी डोळे मिटते, आणि हे चालकाने करायचं काम नव्हे. म्हणून गाडी माझ्या नावावर आणि किल्ली अण्णांकडे. सकाळी मला शाळेत सोडायचे. रविवारी कळंबोलीला जायचे, तिथे लोखंडबाजाराशेजारी त्यांचे जुने ड्रायव्हर मित्र चहाला जमतात. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे. त्यांना स्टिअरिंगवर पाहिलं की मला वाटायचं, चला, हा माणूस अजून आहे आपल्याजवळ.

मग गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर सिग्नलला आम्हाला एका वाहतूक पोलिसाने थांबवलं. चूक काही नव्हती, सगळ्यांचीच तपासणी चालली होती. अण्णांनी अदबीने खिशातून लायसन्स काढून दिलं. पोलिसाने ते उलटंसुलटं केलं, उन्हात धरलं, नखाने खरवडायला गेला.

"खरवडू नका," अण्णा पटकन म्हणाले.

"काका, हे लायसन्स आहे की देव्हाऱ्यातला टाक?"

मला हसू आलं, पण अण्णांचा चेहरा पाहून आवरलं. पोलीस मुलगा चांगला होता. त्याने सोडून दिलं, "नवीन काढून घ्या काका, दुसरा कोणी असता तर ऐकलं नसतं," एवढंच म्हणाला. अण्णा तिथून सरळ घरी आले. खाली गाडी लावली, मागच्या काचा चढवल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"कागद धड न्हाई तोवर मी हात लावायचा न्हाई."

एवढ्या वर्षांत ज्यांना एकही दंड झाला नाही, त्यांना हे लागणारच. मी म्हटलं, त्यात काय, दोन दिवसांचं काम. त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन बसले. लायसन्स नंबर त्यांना तोंडपाठ होता. माझी जन्मतारीख त्यांना दर वेळी आईला विचारावी लागायची, पण नंबर एका दमात सांगितला. मी सूचना मोठ्याने वाचत होते. दुय्यम प्रत मिळेल, ठरल्या दिवशी समक्ष यावं लागेल, खराब झालेलं मूळ लायसन्स जमा करावं लागेल.

"जमा म्हंजे?" अण्णांनी विचारलं.

"जमा म्हणजे द्यायचं त्यांना."

"परत न्हाई देत?"

"ते कशाला परत देतील? नवं मिळाल्यावर जुनं काय करायचंय?"

म्हणाले, "बरं." त्यांनी कार्ड टेबलावरून उचललं, अंगठा त्या तांबूस डागावरून एकदा फिरवला आणि ते खिशात ठेवलं. "राहू दे मग. रिक्षा आहेत की मायंदळ."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आईचे फोटो आमच्याकडे आहेत, साड्या आहेत, तिच्या हातचं लोणचंसुद्धा तळाला थोडं आहे. पण तिचं बोट या एकाच ठिकाणी उमटलेलं होतं.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. अण्णांची दाढी वाढली. रविवारी कळंबोलीहून मित्रांचे फोन यायचे, तर म्हणायचे, गुडघा धरलाय. गुडघा ठणठणीत होता. शाळेतून येताना मी वर पाहायची, तर खिडकीत बसलेले. खाली उभ्या, धूळ साचलेल्या गाडीकडे बघत. मी चिडायची. मला रडू आलं की मी चिडते, हा माझा जुना रोग आहे. "अण्णा, एक प्लॅस्टिकचा तुकडा आहे तो!" एकदा असं बोलून गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. घरी येऊन मी स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या.

मग मी माझ्या अकलेने एक मार्ग काढला. अर्जात दुय्यम प्रत कशासाठी हवी ते निवडायचं असतं. हरवले, चोरीस गेले, खराब झाले. मी 'हरवले' निवडलं. हरवल्याची ऑनलाइन नोंदही करून टाकली. हरवलेलं लायसन्स जमा कोण मागणार? जुनं अण्णांच्या खिशात, नवं अण्णांच्या हातात. वर्गात मुलांनी उत्तरं जुळवून आणली की मी त्यांना उभं करते, पण ते वेगळं. अण्णांना एवढंच सांगितलं, "बघितलं मी, जुनं ठेवून नवं मिळतंय." चष्मा न लावता त्यांनी मी बोट ठेवीन तिथे सही केली. आयुष्यभर ते अशीच सही करत आले होते, आधी आईच्या बोटाखाली, आता माझ्या.

ठरल्या दिवशी ते पहाटेच उठून दाढी करून बसले होते. आरटीओच्या ऑफिसात आमचा नंबर आला तेव्हा खिडकीत माझ्याच वयाची एक बाई होती. गळ्यात ओळखपत्र, केसांत अबोलीचा गजरा. अर्ज पाहत तिने सहज विचारलं, "काका, लायसन्स कुठं हरवलं? आठवतं का काही?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी भुवया उडवल्या, मान हलवली, पायाने पाय दाबला. या सगळ्याचा त्यांच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. त्यांनी वरच्या खिशात दोन बोटं घातली आणि लायसन्स काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.

"हरवलं न्हाई, बाई. हे काय हितं हाय."

धरणीमाता पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. बाईने एकदा अर्जाकडे पाहिलं, एकदा कार्डाकडे आणि मग बराच वेळ माझ्याकडे.

"पोरीचा दोष न्हाई," अण्णा म्हणाले. "माझ्यासाठीच केलं तिनं. पण मी एवढी वर्षं गाडी चालवली, कुणाला खोटा कागद दाखवला न्हाई. आता या वयात नको."

बाईने कार्ड उचललं. मला वाटलं आता हिचं तोंड सुटणार, आणि सुटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. पण ती कार्ड उजेडात धरून पाहत राहिली.

"कुंकू हाय ना ह्यो?" ती म्हणाली. एवढा वेळ ऑफिसचं मराठी बोलत होती, ते एकदम गळून पडलं. "कोनी लावला?"

"मालकीण लावायची. दसऱ्याला."

"आमचे घरान पन आसाच हाय. होरीला लावतान." होरी म्हणजे होडी. ती खाडीकाठच्या गावातली असावी. क्षणभर पुढे काही बोलेल असं वाटलं, पण मग तिने चष्मा नीट केला आणि परत ऑफिसच्या मराठीवर आली. "आज नाही होणार, काका. अर्ज चुकीचा आहे. खराब झालं म्हणून नवीन भरा आणि हे घेऊन या. जमा करावं लागेल. त्याला इलाज नाही." आणि माझ्याकडे वळून, "मॅडम, तुम्ही केलेली ती नोंद आधी रद्द करा. शिकलेल्या दिसता."

कार्ड तिने अण्णांना परत दिलं.

येताना रिक्षात मी आधी रागावलेच. म्हटलं, एवढी धडपड कुणासाठी केली मी? एक शब्द गप्प राहता आलं नाही? अण्णा बाहेर बघत होते. पूल ओलांडला तेव्हा म्हणाले, "चिडू नको. तुझ्या आईसारखीच दिसतेस चिडलीस की."  मी त्यांचा हात धरून बसले. बसचा गिअर टाकून टाकून तळव्याला पडलेला घट्टा अजून तसाच होता.

घरी आल्यावर मी मोबाइलवर कार्डाचे फोटो काढले, जवळून, लांबून, खिडकीच्या उजेडात. अण्णांना दाखवले. त्यांनी पडद्यावरच्या त्या डागावर अंगठा ठेवला, तर फोटो सरकला आणि पुढचा आला. परत ठेवला, परत सरकला.

"ह्याला हात लागत न्हाई," म्हणाले. मोबाइल मला परत दिला. थोड्या वेळाने आपणहून बोलायला लागले. "पोरी, ह्याच्या आधीची पाच-सहा लायसन्स मी तिथंच दिली असतील. सगळ्यांवर तिचं कुंकू. एकाचंही काही वाटलं न्हाई बघ. का? नवं आलं की ती परत लावायची."

मला हुंदका फुटला. मी तो लपवला नाही, चिडलेही नाही. अण्णांनी रडू दिलं आणि मग उठून चहा टाकला. तो नेहमीप्रमाणे फार गोड झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला फोन केला. "खरा अर्ज भर. देऊन टाकू. ती मी घरी यावा म्हणून लावायची, आणि मी तर घरातनं हालतच न्हाई."

मी नोंद रद्द केली, अर्ज नव्याने भरला. दुसऱ्या खेपेला खिडकीत तीच बाई होती. अण्णांनी कार्ड काढलं. कंपनीत असताना रोज सकाळी ते स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावायचे, तसं त्यांनी ते कार्ड एकदा कपाळाला लावलं आणि खिडकीतून आत सरकवलं. बाईने घाई केली नाही. मग ते एका ट्रेमध्ये ठेवलं, इतर कार्डांच्या वर, पालथं. फोटो काढायच्या खोलीकडे जाताना अण्णांनी मागे वळून पाहिलं नाही. मीच पाहिलं.

नवं लायसन्स भाद्रपदात पोस्टाने आलं. मला वाटलं, आता उद्याच रविवार, अण्णा कळंबोलीला जातील. कसलं काय! त्यांनी पाकीट उघडलं, फोटो पाहिला, "थोबाड सुजल्यासारखं आलंय," म्हणाले आणि कार्ड परत पाकिटात घालून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलं. मी किल्ली पुढे केली तर म्हणाले, "बघू." दोन आठवडे झाले, तीन झाले. मी डोकं धरलं. "अण्णा, लायसन्स आलं, आता कशाची वाट बघताय? मुहूर्ताची?"

बहुतेक मी बरोबर ओळखलं होतं, पण ते मला दसऱ्याच्या सकाळी कळलं.

आदल्या वर्षी आईला जाऊन वर्ष झालं नव्हतं म्हणून सण केलाच नव्हता. त्यामुळे आई गेल्यावर साजरा होणारा हा पहिलाच दसरा. मी झेंडूचं तोरण घेऊन गेले तर दार उघडंच होतं. अण्णा आंघोळ करून, नवा पांढरा शर्ट घालून खुर्चीत बसलेले. समोर पाट मांडलेला. पाना, स्क्रू ड्रायव्हर, माझ्या गाडीची दुसरी किल्ली, कुठून तरी शोधून काढलेली माझी गंजकी कंपासपेटी आणि नवं लायसन्स. शेजारी आईचा कुंकवाचा करंडा आणि वाटीत पाणी. पूजा मात्र झालेली नव्हती. पान्यावर एकही बोट नव्हतं.

"करायची ना पूजा, थांबलात कशाला?"

"आमच्या घरात मी न्हाई करत," अण्णा म्हणाले. "तुला ठाऊक हाय."

मी पाटापुढे बसले. कुंकू कालवलं. पान्याला लावलं, स्क्रू ड्रायव्हरला लावलं, किल्लीला, कंपासपेटीला. मग लायसन्स हातात घेतलं. एवढ्या खटपटीने मिळालेलं ते कोरं करकरीत कार्ड. मी ते उलटं केलं आणि मागच्या बाजूला, अगदी कडेला, टिचभर जागा पाहून बोट टेकवणार, एवढ्यात अण्णा म्हणाले, "तिथं नको. तोंडावर."

"अण्णा, परत खराब होईल."

"होऊ दे की. परत जाऊ. तू हाईस की संगं यायला."

मी कार्ड सुलटं केलं. फोटोतले अण्णा खरंच सुजल्यासारखे दिसत होते, घाबरलेले, म्हातारे. मी त्यांच्या कपाळावर बरोबर मधोमध कुंकू लावलं. आईएवढं नीट आलं नाही, एक ओघळ नाकापर्यंत गेला. मी मनात म्हटलं, आई, यांना घरी आण ग परत. मग वाटलं, हे आता मलाच म्हणायचंय.

अण्णा उठले. पाटावरची किल्ली घेतली, माझ्या हातातलं लायसन्स घेतलं, तसंच ओलं, आणि वरच्या खिशात टाकलं. मी बघतच राहिले. पांढऱ्या शर्टावर लाल डाग उमटला आणि पसरायला लागला. अण्णा दाराशी गेले, चपला पायांत सरकवल्या आणि तिथेच थांबले. दार उघडं, जिना समोर, तरी निघेनात. पाठमोरे उभे.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की हा माणूस आयुष्यात एकदाही विसरलेला नव्हता.

"अहो अण्णा!" मी सगळा जीव एकवटून ओरडले. "वाळू तरी द्यायचं! नवा कोरा शर्ट आहे! दरवर्षी सांगायचं का तुम्हाला?"

त्यांचे खांदे हलले. मग ते हसत हसत जिना उतरायला लागले.